कोपर

हर्णैच्या बंदरावर शनिवारी भत्ता वाटते मी,
बर्फाच्या गाडीमागे, उपड्या क्रेटवर बसून.
वहीत अकरा नावं. शेवटचं टेकराज बोहरा,
गाव बझांग, नेपाळ.

पहिल्या शनिवारी त्याने उजवा हात पुढे केला
आणि डाव्या हाताने उजवं कोपर धरलं.
मला वाटलं, जाळं ओढून सांधा धरला पोराचा.
नव्या माणसाचं होतं असं.
घरून उंडीचं तेल आणलं बाटलीभर,
म्हटलं, रात्री चोळ.
बाटलीही त्याने तशीच घेतली,
कोपर धरून.

तेल दिलं तीनदा. दुखणं हटेना.

आमच्यात सगळं झटक्यात.
सासू पापलेटाच्या पाटीवर दोन बोटं टेकते, मग एक आडवं,
समोरचा व्यापारी मान फिरवतो,
ती मान हो म्हणाली की नाही, ते सासूलाच कळतं.
इंजिनाच्या आवाजात सासरे भुवईने बोट चालवतात.
हनुवटी उडवली म्हणजे काय रे.
ओठांचा चंबू डावीकडे, म्हणजे तिथे तर आहे, डोळे फुटले का.
आणि 'च्' म्हणजे नाही.
नुसती जीभ हलते, बाकी अंग जागच्या जागी.

सासऱ्यांनी हनुवटी उडवली की टेकराज उठून उभा राहायचा.
आणि 'च्' म्हणजे त्याला वाटायचं हळहळ.
एकदा त्याने हरेश्वरला विचारलं, जेवलास?
हरेश्वर म्हणाला, 'च्'.
हा बिचारा त्याच्या पाठीवर हात ठेवून
बसून राहिला कितीतरी वेळ.

शेवटी बोटीवरचा म्हातारा स्वयंपाकी, दानसिंग,
हसून हसून खोकला.
"दुखतं कुठे त्याचं, वहिनी!
मोठ्या माणसासमोर आम्ही
एकट्या हाताला पाठवत नाही.
दुसरा सोबत जातो, पोहोचवायला."
मी म्हटलं, मग एवढ्या तेलाचं काय केलंस रे?
टेकराजने जीभ चावली.
(हे मात्र त्यांच्यात आणि आमच्यात सारखंच.)
देवापुढे दिवा लावत होता, बोटीच्या केबिनमध्ये.

मग शिमग्याच्या आदला शनिवार.
दहा नावं झाली. अकराव्याला नुसता उजवा हात आला.
डावा मांडीजवळ लोंबत राहिला,
पिळायचा राहिलेल्या कपड्यासारखा.
नोटा घेतल्या. मोजल्या नाहीत.
मी हनुवटी उडवली.
आज तो दचकलाही नाही.
खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला, आवाज बंद करून:
दगडी अंगण, मागे पायऱ्यापायऱ्यांची शेतं,
पंधरावीस माणसं बसलेली,
सगळ्यांची तोंडं एकाच दाराकडे,
आणि कोणीच कोणाशी बोलत नाही.

हे बसणं मला वाचता आलं.

आई, असं दानसिंग मागून म्हणाला.
दापोलीची एसटी, खेडला गाडी,
मग दिल्ली, मग सरहद्द, मग जीप, मग चढण,
त्याने बोटांवर मोजलं आणि मूठ मिटली.
पोहोचेपर्यंत तिकडे राखही नसणार.

पेटीतून मी आणखी रक्कम काढली.
वहीत मांडली नाही. सासूने पाहिलं,
आणि तोंड समुद्राकडे वळवलं.
काय बोलावं, ते मला मराठीत सुचेना,
हिंदीत तर नाहीच.
नोटा पुढे केल्या.
टेकराज माझ्या हाताकडे पाहत होता,
चेहऱ्याकडे नाही, हाताकडे,
आणि मग त्याचा डावा हात
सावकाश वर आला.

तो गेल्यावर बर्फवाला बिलाचे पैसे न्यायला आला.
नवीनच होता, मुरुडचा की कुठला.
पैसे घेता घेता थबकला.
"कोपर दुखतंय का, वहिनी?"

'च्'.